टेन्शन नको म्हणून

स्मिताने तव्यावरची पोळी उलटली आणि ओट्याला दोन्ही हात टेकून ती तशीच उभी राहिली. करपल्याचा वास आला म्हणून नंदकिशोर स्वयंपाकघरात आले. पंखा चालू असूनही तिचं कपाळ घामाने निथळत होतं.

"काय होतंय?"

"काही नाही. दाढ ठणकतेय. तुम्ही बसा, वाढते."

त्यांनी गॅस बंद करून तिचा हात धरला. हात गार होता, ओलसर. दोन वर्षांपूर्वी तळोज्याच्या कारखान्यात त्यांना स्वतःला अटॅक आला, तेव्हा त्यांचे हात असेच झाले होते.

"कधीपासून?"

त्यांनी तिला चपला घालायला लावल्या आणि दार ओढून घेतलं. लिफ्टमध्ये भिंतीला टेकल्यावर ती हळूच म्हणाली, "सकाळी दूध आणलं तेव्हापासून."

कामोठ्याहून रिक्षा हायवेला लागेपर्यंत कळ जबड्यातून खांद्यात उतरली. तरी ती त्यांनाच समजावत होती.

"तुम्ही घाबरू नका हं. तुम्हाला त्रास होईल."

त्या अटॅकपासून सगळं घर त्यांच्या हृदयाला जपत होतं. जेवणातलं मीठ कमी झालं. भाजीच्या जड पिशव्या स्मिता उचलू लागली. नात्यात कोणी गेलं तर ती दुसऱ्या दिवशी, त्यांचा नाश्ता झाल्यावर सांगायची. सोसायटीतली भांडणंही त्यांच्या कानावर येत नसत. हे त्यांना कळत होतं आणि बरंही वाटत होतं.

अँजिओप्लास्टी झाल्यावर डॉक्टर राजलक्ष्मी बाहेर आल्या.

"बंद झालेली नस उघडलीय, जीव वाचला. पण इतका वेळ रक्त मिळालं नाही, त्यामुळे हृदयाचा थोडा भाग कमजोर झालाय. तो पूर्ववत होईलच असं नाही. दुखायला लागल्या लागल्या का नाही आणलंत?"

"तिनं मला सांगि..." नंदकिशोर म्हणाले आणि त्यांनी वाक्य पुरं केलं नाही.

संध्याकाळी पुण्याहून लेक आली. क्षिप्रा एकटीच होती.

"आशुतोष?"

ती त्यांना जिन्याकडे घेऊन गेली. पायरीवर बसून, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "बाबा, आशुतोष आणि मी वेगळे राहतोय. गणपतीपासून. आई म्हणाली, बाबांना इतक्यात नको सांगूस, त्यांना टेन्शन नको."

नंदकिशोर ऐकत राहिले. तिचं सगळं सांगून झालं तेव्हा त्यांनी विचारलं, "जेवलीस का?"

दुसऱ्या दिवशी आयसीयूत एकालाच सोडत होते. दाराशी सिस्टरने बजावलं, पेशंटला टेन्शन येईल असं काही बोलू नका.

"गोळी घेतलीत?" स्मिताने आधी तेच विचारलं.

"घेतली."

"क्षिप्रा आलीय ना? आशुतोषला रजा नसेल मिळाली." तिला धाप लागली. ती थांबली आणि पुन्हा म्हणाली, "त्यांच्याकडे ऑडिट असतं या दिवसांत."

'असेल' एवढं म्हणणं सोपं होतं. शब्द त्यांच्या ओठांपर्यंत आला. त्यांनी स्टूल खाटेजवळ ओढलं.

"तिनं सांगितलं मला. काल जिन्यात बसून सगळं ऐकलं."

स्मिताने घाईने त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग छातीकडे.

"मला काही झालं नाही, स्मिता."

पलीकडच्या खाटेजवळ कुणीतरी पडदा सरकवला. मग तिने सलाईन लावलेला हात चादरीवरून थोडा त्यांच्या बाजूला सरकवला.

"ही सुई दुखतेय हो," ती म्हणाली. "रात्रभर दुखली."

नंदकिशोर सिस्टरला बोलवायला उठले.