वजा एक

पंपांच्या मोटारी भरण्याचं, म्हणजे त्यांतलं जळालेलं तारेचं वाइंडिंग बदलण्याचं काम मी बाबांच्या हाताखाली बारा वर्षं करतेय. धाकटी बहीण कोर्स करून आली आणि आठवड्यात त्यांची लाडकी कारागीर झाली. कारण काय, तर एक बटण. रेझिस्टन्स मोजायच्या मीटरच्या वायरींचा स्वतःचाही थोडा रेझिस्टन्स असतो. तो मी टोकं जुळवून बघायची आणि मनातल्या मनात वजा करायची. ही बया वायरींची टोकं एकमेकांना टेकवते, बटण दाबून आकडा शून्य करते आणि मग वाइंडिंगचं नेमकं माप घेते.

"बारा वर्षांत तुला हे बटण दिसलं नाही?" बाबा मला म्हणाले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

दुपारी ती जेवायला गेली, तेव्हा मी टोकांमध्ये एक ओहम रेझिस्टन्सचा छोटा रेझिस्टर धरून तेच बटण दाबलं. आता तिचं प्रत्येक माप एक ओहमनं कमी येणार होतं, आणि माप कमी आलं की वाइंडिंग जळालं असं धरतात. धडधाकट मोटार जळकी ठरवून ती बाबांसमोर तोंडघशी पडणार होती.

ती आली. मोटारीला हात लावण्याआधी तिनं टोकं जुळवली. मीटरवर वजा एक आलं. तिनं ते पुसून पुन्हा शून्य केलं.

"मीटर बिघडलं का गं?" बाबांनी विचारलं.

"कुणाचा तरी हात लागला असेल. पण मोजण्याआधी टोकं जुळवून बघायची, हे ताईनं मला लहानपणीच हातावर फटके देऊन शिकवलंय."

"शाब्बास," बाबा म्हणाले, आणि तेही मला. बारा वर्षांत पहिल्यांदाच.

मी मान खाली घालून रेझिस्टर मुठीत दाबून बसले.