शांगगौच्या विहिरीतला पिवळा ड्रॅगन

पुढे आजारी, त्यांच्यामागे म्हातारी माणसं, मग पोरं कडेवर घेतलेल्या बाया, आणि सगळ्यांत मागून कोपरं मारत पुढे घुसणारे धडधाकट गडी. दिवस कलायच्या सुमाराला शांगगौ गावच्या मोठ्या विहिरीला रोज असा वेढा पडे. काठावर सिद्ध कुआंग उभा असे. अंगात पिवळा झगा, एका हातात घोड्याच्या शेपटीची चवरी, दुसऱ्या हातात घंटा.

"आकाश बघतंय, धरती ऐकतेय," तो म्हणे, "आणि तुम्ही काय करताय? खोकताय."

लगेच खोकला थांबे.

"हान घराणं म्हणजे लाल अग्नी. चारशे वर्षं जळला. आता त्याचं काय उरलं?"

"राख," लोक म्हणत. उत्तरं आता पाठ झाली होती.

"राखेचं काय होतं?"

"माती."

"मातीचा रंग?"

"पिवळा."

"मग खाली कोण बसलंय?"

यावर सगळ्यांच्या माना विहिरीकडे वळत. घंटा वाजे. विहिरीच्या काळ्या पाण्यावर बुडबुडे येत आणि त्यांच्यामागून एक पिवळीधमक, खवल्याखवल्यांची पाठ हळूहळू वर येई. बैलाच्या मानेएवढी जाड. घटकाभर तरंगे, अंग घुसळे, आणि कुआंगने चवरी झटकली की निमूटपणे तळाशी जाई. लोकांची कपाळं मातीला टेकत. हानच्या जागी आता मातीचंच, पिवळ्या रंगाचं राज्य येणार होतं ना.

वैद्य गेंग मू या गर्दीच्या कडेला उभा राही आणि नाकाला बाही लावी. तरुणपणची कितीतरी वर्षं त्याने सैन्याच्या तळांवर जखमा धुण्यात घालवली होती. विहिरीतून येणारा वास त्याच्या ओळखीचा होता. सडलेल्या कातड्याचा.

एकदा त्याने शेजारच्या माणसाला विचारलं, "वास येत नाही का तुला?"

"ड्रॅगनचा वास आहे वैद्यबुवा. दैवी असतो."

"दैवी वस्तू इतकी घाण मारते?"

"तुम्ही आधी कधी ड्रॅगन हुंगलाय?"

ड्रॅगन त्याने खरंच कधी हुंगला नव्हता.

गावाला हा ड्रॅगन हवा होता, हे त्याला कळत होतं. तीस वर्षं या मुलखातून सैन्यं जात-येत होती. एक यायचं, ते धान्य न्यायचं. दुसरं यायचं, ते गडी न्यायचं. राजधानीत हान सम्राट नावापुरता उरला होता आणि सगळी सत्ता वेइच्या राजाच्या हातात होती. आज ना उद्या तो गादीवर बसणार, हे गुराख्यालाही ठाऊक होतं. मामलेदार यिन याने गावाला सांगून ठेवलं होतं की नव्या राज्याचा शुभशकुन ज्या गावात दिसेल त्या गावाला तीन वर्षं करमाफी मिळेल. तीन वर्षं. एवढ्या आशेवर माणूस नाक बंद ठेवायला शिकतो.

शकुनाची विहीर म्हणून तिचं रोजचं पाणी भरणं बंद झालं. प्यायला तळ्याचं गढूळ पाणी, आणि औषधाला 'ड्रॅगनतीर्थ'. मापभर राळे घातले की कुआंगचा मेव्हणा विहिरीवरच्या खोपटातून वाडगाभर पिवळसर पाणी आणून देई. संधिवात, वांझपण, डोळे येणं, सासूचा जाच, सगळ्यांवर तेच.

गेंगची थोरली बहीण रुइ गुडघेदुखीसाठी ते रोज पीत होती. नवरा गेल्यापासून ती त्याच्याच घरी राहायची.

"आक्का, ते पिऊ नकोस."

"तुझा पाला पितेय दहा वर्षं. गुडघा वाकला का? नाही ना. मग बस गप."

पहिल्यांदा कुंभार तानची मुलगी आजारी पडली. लियान तिचं नाव, सहा-सात वर्षांची, बापाच्या चाकाशेजारी बसून मातीची बदकं करायची. तिला खोकला होता, म्हणून तानने तिला तीर्थ पाजलं. थोडंही बरं वाटेना म्हणून आणखी पाजलं. गेंगला बोलावलं तेव्हा पोरीच्या उलट्या आणि जुलाब थांबत नव्हते. घसा जळतो म्हणत होती. तोंडाला लसणासारखा वास येत होता. घरात लसूण नव्हता. तानच्या घरात तर बऱ्याच दिवसांपासून पेजेखेरीज काही शिजलं नव्हतं.

"काय खाल्लं हिने?"

"काही नाही हो. पोटात काही राहतच नाही. फक्त तीर्थ देतोय."

गेंगने मूग भिजवून त्याचं पाणी दिलं, अंड्याचा पांढरा बलक दिला. उजाडता उजाडता लियान गेली.

कुआंग स्वतः दारात आला. त्याने मेलेल्या मुलीवर चवरी फिरवली आणि तानला म्हणाला, "रडू नकोस. ड्रॅगनने तिला सेवेला बोलावलं. सगळ्यांना असा मान मिळत नाही."

आणि तानने, पोरीचं डोकं मांडीवर घेतलेल्या त्या बापाने, त्याला हात जोडले.

गेंग तिथून उठून बाहेर आला आणि भिंतीला धरून ओकला. आयुष्यात त्याने कुजलेले पाय कापले होते, अळ्या पडलेल्या जखमा उपसल्या होत्या. पण अशी शिसारी त्याला कधी आली नव्हती.

घरी आला तर रुइ चुलीपाशी पोट धरून बसली होती.

"काही नाही रे, जरा मळमळतंय."

"आक्का, तोंड उघड."

तोच लसणाचा वास. गेंगने तिचा वाडगा उचलला. तळाशी पिवळा गाळ बसला होता. त्याने तो बोटावर घेतला, उजेडात धरला. पिवळा आणि किंचित चकाकणारा. मग चिमट्याने चुलीतला लालभडक निखारा ओढला आणि कणभर गाळ त्यावर टाकला. पांढरा धूर निघाला आणि घरभर लसणाचा वास सुटला.

"हे काय आहे?" रुइने विचारलं.

"हरताळ. पिवळा दगड, कुटून रंगात घालतात. मीही ठेवतो, खरजेवर बाहेरून लावायला, तोही जपून. पोटात गेला तर तो सोमल आहे, आक्का. विष."

रुइने निखाऱ्यावरून वाडग्याकडे बघितलं. "म्हणजे ड्रॅगन पिवळा आहे तो..."

"रंगवलाय. आणि त्याचा रंग सुटतोय."

तिने वाडगा उचलून अंगणात भिरकावला. मग हळूच म्हणाली, "मीच तानच्या बायकोला सांगितलं होतं, पोरीला दे म्हणून."

गेंगने तिला मुगाचं पाणी करून दिलं आणि तो तडक मामलेदाराच्या कचेरीत गेला.

यिन जेवत होता. वाफवलेला मासा होता समोर. त्याने गेंगचं सगळं ऐकून घेतलं, मध्ये एकदा काटा काढायला थांबला.

"खोटा आहे, हे मला ठाऊक आहे वैद्यबुवा," तो म्हणाला. "मी काय खुळा आहे? पलीकडच्या तालुक्यात शकुन म्हणून फिनिक्स पक्षी उतरलाय. नदीकाठच्यांनी गोड दव पाडलंय. आपण काय पाठवायचं, तळ्यातले बेडूक?"

"पोरगी मेली, साहेब."

"वाईट झालं. तीर्थ थोडं पातळ करायला सांगतो." त्याने माशाचा तुकडा तोंडात टाकला. "अहवाल दरबारी गेलाय. दोन-चार दिवसांत पाहणीला माणूस येईल, बघेल, जाईल. तोवर तोंड मिटून ठेवा. करमाफी तुम्हालाही आहे."

"तोवर लोक पितायत."

"लोक तळ्याचंही पितात. मरतातच की."

गेंग उठला. दारात थांबून त्याने विचारलं, "साहेब, तुमच्या घरी कुणी घेतं का हे तीर्थ?"

यिनने पाण्याचा पेला नकळत जवळ ओढला.

त्या संध्याकाळी गर्दी नेहमीपेक्षा मोठी होती. लियानला ड्रॅगनने बोलावल्याची बातमी शेजारच्या गावांत पोचली होती. किती बाया आपापली पोरं घेऊन आल्या होत्या, ते बघून गेंगच्या अंगावर काटा आला. कुआंग रंगात आला होता. राख, माती, पिवळा, सगळं यथासांग चाललं होतं. गेंग गर्दीत शिरलाच नाही. मागच्या बाजूने जाऊन त्याने खोपटाचं दार ढकललं.

आत कुआंगचा मेव्हणा जमिनीवर पाय पसरून बसला होता. एका हातात भाजलेली भाकरी, दुसऱ्या हातात ताणून धरलेली दोरी. दोरी विहिरीच्या भिंतीतल्या भगदाडातून खाली गेली होती. शेजारी पिवळ्या पाण्याची घागर.

"इथे यायला मनाई आहे," तोंडात घास घेऊनच तो म्हणाला.

"माहीत आहे," गेंग म्हणाला, आणि गळवं फोडायच्या सुरीने त्याने दोरी कापली.

बाहेर अजून घंटा वाजली नव्हती. कुआंग म्हणत होता, "मातीचा रंग कोणता," आणि त्याच्यामागे विहिरीत ड्रॅगन भसकन वर आला. आपण होऊन. अर्धा पाण्याबाहेर उसळला, आपटला आणि आडवा होऊन तरंगत राहिला. लोकांनी कपाळं टेकली. कुआंगने वळून बघितलं. त्याने चवरी झटकली. ड्रॅगन हलला नाही. पुन्हा झटकली.

गेंग खोपटातून कापलेली दोरी हातात घेऊन आला. "सिद्ध महाराज, त्याला खाली जायला सांगा."

"ड्रॅगन कोपलाय," कुआंग म्हणाला. "अपवित्र माणूस जवळ आला की..."

"मी दहा पावलं लांब जातो. मग सांगा."

गेंग खरंच लांब जाऊन उभा राहिला. कुआंगने घंटा वाजवली, मंत्र म्हटले, शेवटी काठावरून वाकून दबक्या आवाजात मेव्हण्याला हाक मारली. ती पुढच्या रांगेने ऐकली. ड्रॅगन तसाच. एका बाजूने त्याचं अंग फुसफुसत बसत चाललं होतं आणि बाहेर येणारी दुर्गंधी अशी होती की आजाऱ्यांनीही तोंडं फिरवली.

गर्दीतून कुंभार तान पुढे आला. कुणाकडे न बघता त्याने पाणी ओढायची आकड्याची काठी उचलली, विहिरीत घातली आणि ड्रॅगनला गळाला लावून काठावर ओढून काढलं. खवल्यांच्या माशांची कातडी एकाला एक शिवलेली होती. आत बांबूची कडी आणि डुकरांच्या मूत्राशयांचे फुगे, त्यांतले काही कुजून फुटलेले. वरून सरसात कालवलेला हरताळ फासलेला. पोटाला बांधलेली दोरी तळातल्या दगडाखालून फिरवून भिंतीतून खोपटात नेलेली. दोरी ओढली की ड्रॅगन बुडे, सैल सोडली की फुगे त्याला वर आणत. एवढीच सिद्धी.

तानने आपल्या तळहाताकडे बघितलं. तो पिवळा झाला होता.

"हेच पाजलं मी तिला?" त्याने विचारलं.

"हेच," गेंग म्हणाला. "तुला माहीत नव्हतं, तान. याला माहीत होतं."

कुआंग पळू लागला, पण मघाशी मागून कोपरं मारणारे गडी आता त्याच्या वाटेत होते. तानने त्याला हात लावला नाही. तो विहिरीच्या काठावर बसला आणि हात मातीत घासत राहिला.

सगळेच काही गेंगवर खूश नव्हते. एक म्हातारा तोंडावर म्हणाला, "करमाफी घालवलीत तुम्ही. दोन दिवस थांबला असतात तर काय बिघडलं असतं?"

रुइ एका बाईच्या खांद्याला धरून तिथवर आली होती. ती म्हणाली, "दोन दिवसांत मी मेले असते, आजोबा. तुमचा नातूही रांगेत होता."

म्हाताऱ्याने नातवाला जवळ ओढलं.

कुआंगला कचेरीत नेलं. त्याला पाहून मामलेदार यिनने असं आश्चर्य दाखवलं की बघणाऱ्याला त्याचंच नवल वाटावं. फटके मारून त्याने कुआंगला हद्दपार केलं. अहवाल मात्र त्याने परत बोलावला नाही, आणि पाहणीला आलेला माणूसही विहिरीपर्यंत न जाता यिनकडे जेवून परतला. हिवाळ्याच्या तोंडाशी दवंडी आली. हान सम्राटाने गादी सोडली, वेइचं राज्य सुरू झालं. जागोजागी दिसलेल्या शकुनांत शांगगौचा पिवळा ड्रॅगनही होता. तीन वर्षांची करमाफी आली नाही. तिच्याऐवजी विहिरीपाशी लावायला एक दगडी पाटी आली: येथे पिवळा ड्रॅगन प्रकटला.

पाटी लावली त्या दिवशी तानने गेंगला विचारलं, "वैद्यबुवा, ड्रॅगन खोटा, तर मग हे राज्यही खोटं का?"

"राज्य खरं आहे. सैन्य खरं, कर खरा. हानही असंच आलं होतं, तेव्हाही कुणीतरी काहीतरी आकाशातून उतरवलं असेल. पण तलवारीने आलं आणि लोक उपाशी राहिले तेव्हा गेलं. चांगलं चाललं तर हेही टिकेल, नाहीतर जाईल. विहिरीतल्या मासळीच्या कातड्याने यातलं काही ठरत नाही."

"मग पाटी कशाला?"

"आपण विचारू नये म्हणून."

पाटी काढायची कुणाची हिंमत नव्हती. पण गावाने विहीर उपसून, तळ खरवडून, चुना मारून घेतली, आणि तरीही पुढची दोन वर्षं तिचं पाणी फक्त वीटभट्टीला वापरलं. प्यायला नवी विहीर खणली. जुन्या विहिरीवर वाटसरू थांबत, पाटी वाचत, काही कपाळ टेकायला वाकत. तेव्हा जवळ जो कुणी असेल, मग तो गुराखी असो की धुणं घेऊन निघालेली बाई, त्याने पुढे होऊन सांगायचं, असं गावाने ठरवून टाकलं होतं. बहुतेक वेळा तानच सांगे, आणि साध्या आवाजात सांगे:

"उठा. पाटीवर लिहिलंय ते खरं नाही. तो माशाच्या कातड्याचा होता, दोरीने ओढायचे. त्याच्या रंगात विष होतं. आम्हाला वास येत होता, पण आम्ही विचारलं नाही. माझी मुलगी त्यात गेली. तुमच्या गावात असं काही निघालं, तर आधी हुंगा, आधी विचारा, आणि पोराला पाजायच्या आधी वैद्याला दाखवा."