झाकल्या मुठीतला उजेड

"दिसला! अहो, दिसला!"

पहिल्या रांगेतली म्हातारी ओरडत उठली आणि तिच्यामागे सगळी खोली उठली. टायरच्या दुकानावरची ती लांबलचक खोली, खिडक्यांना जाड पडदे, दोनशे माणसं गुडघ्याला गुडघा लावून बसलेली. कोणाच्या मांडीवर हातपाय न हलवणारं लेकरू, कोणाच्या काखेत एक्सरेचं पाकीट. डॉक्टरांनी आशा सोडली म्हणून आलेले थोडे. डॉक्टरांनी जन्मभराचं औषध सांगितलं म्हणून कंटाळून आलेले जास्त.

समोर चौथऱ्यावर उजेडमहाराज उभे होते. उजवी मूठ घट्ट आवळलेली, हात उंच. नुसत्या डोळ्यांना त्या मुठीत काही दिसत नव्हतं. पण ज्यांनी खिशातले साधे, स्वस्तातले कॅमेरे रोखले होते, त्यांच्या दोन बोटांएवढ्या पडद्यावर महाराजांच्या बोटांमधून जांभळट पांढरा उजेड पाझरत होता.

"माणसाचा डोळा फसतो, बाळांनो!" महाराज गरजले. "यंत्र फसत नाही. यंत्राला लाच देता येते का? यंत्राला भीड पडते का?"

"महाराज, माझ्या फोनमध्ये तर काहीच दिसत नाही," मागून एकजण म्हणाला. "चांगला महागातला आहे."

"महाग आहे ना? मग गर्विष्ठ आहे! उजेड साध्यांना दिसतो, साध्याच वस्तूत दिसतो."

लोक खूश झाले. गरिबी एका वाक्यात पुण्य ठरली आणि शंका काढणारा माणूस फोन खिशात घालून खाली बसला.

चौथ्या रांगेत एक बाई हे सगळं बघत होती. घरात तिला खुसपट म्हणत. एका ग्राहक मासिकासाठी वस्तू वापरून बघायच्या आणि त्यांच्यातली खोट छापायची, हे तिचं काम. तिच्या हातातही तसलाच एक कॅमेरा होता. खिशात मावणारा, पाठीवर छोटासा पडदा आणि एकच मोठं बटण. रोजच्या वापरात तो कसा उतरतो, हे सात दिवसांत ठरवायचं होतं. चाव्यांच्या जुडग्याबरोबर खिशात ठेवून झाला होता, टेबलावरून तीनदा पाडून झाला होता, ओल्या बोटांनी बटण दाबून झालं होतं. आज गर्दीत आणि अंधुक खोलीत कसा चालतो ते बघायचं होतं, म्हणून ती दादा-वहिनींबरोबर आली होती. दोघांच्या मध्ये त्यांची मुंगी बसली होती. नऊ वर्षांची, चणीनं लहान, सतत लगबग करणारी म्हणून मुंगी. दोन वर्षांपूर्वी तिला साखरेचा आजार निघाला. तेव्हापासून दिवसाला चार सुया.

"बघ ना गं, तुझ्यात दिसतं का?" वहिनीनं कोपरानं ढोसलं.

खुसपटनं कॅमेरा धरला. बघितलं. खोटं बोलायची तिला सवय नव्हती.

"दिसतं," ती म्हणाली.

तो एकच शब्द. पण दादा ताडकन उभा राहिला. "महाराज, माझ्या बहिणीलापण दिसलं! वस्तू तपासायचंच काम आहे तिचं. आम्ही खुसपट म्हणतो तिला!"

"ऐका!" महाराजांनी संधी सोडली नाही. "जिचं पोट खोट काढण्यावर चालतं, तिलासुद्धा इथे खोट सापडली नाही!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. माणसं माना वळवून तिच्याकडे बघू लागली, एकीनं तर तिचे हात धरून डोळ्यांना लावले. खुसपटला बसवेना. लेन्समध्येच काहीतरी गडबड आहे, असं पुटपुटत ती गर्दीतून वाट काढत निघून गेली. पुढे काय झालं ते बघायला ती थांबली नाही, आणि ते तिला जन्मभर पुरणार होतं.

दोन दिवस तिनं त्या कॅमेऱ्याला छळलं. लेन्स पुसली, दिव्यासमोर धरली, आरशासमोर धरली, मेणबत्ती लावून बघितली. पण मुठीतून पाझरणारा तसा उजेड काही तयार होईना. वहीत तिनं लिहिलं, "कारण कळलं नाही," आणि त्या तीन शब्दांखाली चिडून रेघ मारली.

मंगळवारी दुपारी वहिनीचा फोन आला.

"अगं, मुंगी सारखी पाणी मागतेय. तांब्यामागून तांब्या. आणि सारखी बाथरूमला. महाराज म्हणाले होते, आजार पाण्यावाटे निघून जातो. पण आता उलट्या होतायत. उलट्यांचं काही बोलले नव्हते गं ते."

"वहिनी, सुई कधी दिली?"

पलीकडे वहिनीनं नुसतं नाक ओढलं.

"वहिनी!"

"रविवारी सकाळी. तू गेल्यावर महाराजांनी पोरीच्या पोटावरून मूठ फिरवली. म्हणाले, गेला आजार. औषध जवळ ठेवणं म्हणजे उजेडावर संशय घेणं. सगळ्यांनी आपापली औषधं टोपलीत टाकली. आम्हीपण."

खुसपट दादाच्या घरी कशी पोचली ते तिचं तिलाही आठवत नाही. खोलीत टीव्ही मोठ्यानं चालू होता. मुंगी पलंगावर पडली होती. ओठ सुकून पापुद्रे आलेले, छाती भात्यासारखी वरखाली होत होती. आत्या वाकली तशी मुंगीच्या श्वासाला पिकून उतरलेल्या फळासारखा वास आला. सुया चुकल्या की असा वास येतो आणि तो जिवाशी असतो, हे दोन वर्षांपूर्वी डॉक्टरीणबाईंनी सगळ्या घराला समजावून दिलं होतं. दादालासुद्धा.

"दादा, उचल तिला. दवाखान्यात चल. आत्ता."

"नाही." दादा दाराला पाठ लावून उभा होता. दाढी वाढलेली, डोळे लाल. "आज तिसरा दिवस. तीन दिवस भरू द्या म्हणालेत. मधेच सोडलं तर केलेलं सगळं वाया जाईल."

"पोर वाया जाईल, दादा!"

"आणि जन्मभर सुया? लग्नात सुया, प्रवासात सुया? रोज चार वेळा मी टोचतो तिला. तू टोचतेस का? ती 'पप्पा, आज नको' म्हणते, ते तू ऐकतेस का?" त्याचा आवाज फाटला. "माझा विश्वास नव्हताच. तूच म्हणालीस, दिसतं. तुझ्या शब्दावर मी टोपलीत औषध टाकलंय. आता तू मला शहाणपण शिकवतेस?"

वहिनी पदर तोंडात धरून कोपऱ्यात रडत होती. मुंगीनं हात पुढे केला. उलटीनं ओला झालेला तो चिकट हात धरवेना म्हणून की काय, आत्यानं खिशातला कॅमेराच तिच्या हातात दिला. पोरीला तो आवडायचा.

"दादा, आपले नाना देवाचं गायचे," ती हळू आवाजात म्हणाली. नाना म्हणजे त्यांचे वडील. चाळीस वर्षं त्यांनी गावोगाव कथा गाऊन सांगितल्या, लोकांना हसवलं, रडवलं. "आठवतं? ते म्हणायचे, देवापुढे हात जोडायचे तर ते उघडावे लागतात. मूठ आवळून कोणी नमस्कार करतं का? या माणसानं मूठ उघडून दाखवली का रे एकदा तरी?"

दादाची मान क्षणभर खाली गेली. मग तो खेकसला, "नानांना मध्ये आणू नकोस! आणि तो टीव्ही बंद करा कोणीतरी, डोकं फुटतंय!"

कोणी हललं नाही, तेव्हा त्यानंच रिमोट हिसकला, मुठीत धरला आणि बटण दाबलं. टीव्ही बंद होईना. सेल उतरत आले होते, टीव्हीपर्यंत पोचण्याइतका जोर उरला नव्हता. त्यानं पुन्हा दाबलं, आणखी जोरात, पुन्हा, पुन्हा.

"आत्या." मुंगीचा आवाज घशातच अडकत होता. कॅमेरा तिनं छातीवर टेकवून बापाकडे रोखला होता. "पप्पांच्या हातातपण उजेड आहे."

"काय?"

"महाराजांसारखा. बघ. पप्पा, तुम्हीपण महाराज झालात?"

आत्यानं पडद्यावर बघितलं. दादाच्या मुठीच्या टोकाला जांभळट पांढरा ठिपका लुकलुकत होता. तो बटण दाबायचा, ठिपका लागायचा. तो थांबायचा, ठिपका विझायचा.

"दादा, इकडे ये. दाबत राहा. दाबत राहा आणि इथे बघ."

दादानं पडद्यात स्वतःची मूठ बघितली. मग पडद्याबाहेरची मूठ. तिथे काही नव्हतं. पुन्हा पडदा. उजेड होता.

"रिमोटच्या तोंडाशी बारीक बल्ब असतो," आत्या भराभर बोलू लागली. दोन दिवसांची गाठ तिच्या डोक्यात एका झटक्यात सुटत होती. "तो उजेड आपल्या डोळ्यांना दिसतच नाही, टीव्हीला कळतो फक्त. महागातल्या कॅमेऱ्यात असला उजेड अडवणारी काच चांगली बसवलेली असते. स्वस्तातल्यात ती काच नसते, असली तर नावाला. म्हणून साध्यात दिसतो! मी मेली मेणबत्त्या लावत बसले, रिमोट काही सुचला नाही. तुझ्या महाराजाच्या मुठीत हेच आहे, दादा. चणाफुटाण्याएवढा बल्ब आणि घड्याळाचा सेल."

रिमोट दादाच्या हातातून गळून पडला. त्यानं पोरीला पांघरुणासकट उचललं आणि तो जिन्याकडे धावला.

डॉक्टरीणबाईंनी मुंगीच्या श्वासाचा वास घेतला, तेव्हाच त्यांचे ओठ मिटले. सलाईन लागली, इन्शुलिन सुरू झालं. मग त्या वळल्या.

"सुई कोणी बंद केली?"

"मी," दादा म्हणाला.

"आणि मी 'दिसतं' म्हणाले," खुसपट म्हणाली.

डॉक्टरीणबाईंना त्याचा अर्थ कळला नाही, पण त्यांनी दोघांना बाकावर बसवलं. दोन दिवस त्या बाकावरून कोणी उठलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी मुंगीनं डोळे उघडून विचारलं, "पप्पा, सुई कोण देणार? नर्सताई हळू देते. तुम्ही शिका तिच्याकडून." दादा हसायला गेला आणि ढसाढसा रडला.

रविवारी टायरच्या दुकानावर पुन्हा तीच गर्दी होती. दादा चौथऱ्यासमोर जाऊन उभा राहिला आणि त्यानं आवळलेली मूठ वर केली.

"कॅमेरे इकडे धरा!"

धरले. "उजेड!" कोणीतरी किंचाळलं. "यांच्यातपण उजेड!" एक म्हातारा दादाच्या पाया पडायला वाकला. दादानं त्याला दंडाला धरून उभं केलं आणि मूठ उघडली. आत टीव्हीचा रिमोट होता. नवे सेल घातलेला.

"आता महाराज, तुम्ही उघडा."

"मूठ उघडली की उजेड उडून जातो, बाळा," महाराज गोड हसले. "झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात ना!"

"सव्वा लाख राहू दे," खुसपट म्हणाली. "आत काय आहे, तेवढं दाखवा."

महाराज मागच्या दाराकडे सरकले. दोन टायरवाल्यांनी वाट अडवली. महाराजांना मूठ उघडावीच लागली, तेव्हा त्यातून एक लाकडी मणी घरंगळत आला. मण्याला भोक, भोकात काळसर बल्ब.

खुसपट लोकांकडे वळली.

"गेल्या रविवारी मी 'दिसतं' म्हणाले. ते खरं होतं. पण काय दिसतं, कुठून येतं, हे न विचारताच मी उठून गेले. माझ्या भाचीचा जीव जाता जाता राहिला. देवावर माझा विश्वास आहे, आजही आहे. म्हणूनच सांगते, त्याच्या नावानं कोणी काही दाखवलं तर आधी म्हणा, हात उघड. खऱ्याला त्याचा राग येणार नाही. आणि औषध थांबवायचं की नाही, ते ज्यानं दिलं त्या डॉक्टरला विचारा."

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. पहिल्या रांगेतली म्हातारी उठली, टोपलीपाशी बसली आणि आपल्या गोळ्या शोधू लागली. मग दुसरा आला, तिसरा आला. रक्तदाबाच्या, फिटच्या, हृदयाच्या. एकमेकांची पाकिटं वाचून दाखवत, एकमेकांच्या नजरा टाळत.

दादानं मुंगीचं औषध उचललं. शेवटी टोपलीत एक पाकीट उरलं. निळ्या झाकणाची बाटली, रबर लावलेली चिठ्ठी. खुसपटनं ते उंच धरलं, दोनदा विचारलं. न्यायला कोणी पुढे आलं नाही.

त्या महिन्याच्या अंकात तिचं परीक्षण छापून आलं. "खिशात मावतो. पडला तरी फुटत नाही. ओल्या हातानं चालतो. आवाज बरा टिपतो. डोळ्यांना न दिसणारा उजेडही टिपतो, त्याला दोष म्हणता येणार नाही. मात्र दिसलं त्याचं कारण शोधायचं काम या कॅमेऱ्यात बसवलेलं नाही. ते विकत घेणाऱ्यानं रोज स्वतः करायचं आहे."

निळ्या झाकणाची बाटली तिच्या टेबलावर आहे. चिठ्ठीवरचं नाव पुसट झालंय. ती अजून पत्ता शोधतेय.