भोंग्याची खोली

"काय गं, फोडलंस का माझं धरण?" चहाचा कप घेऊन बाबा माझ्या मागे येऊन उभे राहिले.

"फुटतंय. बसा ना, बघा तरी."

"मी नाही बघणार. उभा जन्म राखलं मी ते."

असं म्हणत खुर्ची ओढून बसलेच! आमचे बाबा असेच. धरणाच्या पायथ्याशी भोंग्याच्या खोलीत त्यांची सगळी नोकरी गेली. धोका दिसला की भोंग्याचं बटण दाबून धरायचं. सोडलं की भोंगा बंद. ती वेळ कधी आलीच नाही. आणि मुलगी निघाली धरण फोडणारी! भिंत फुटली तर पाणी कुठे, किती वेळात पोचेल हे कॉम्प्युटरवर काढणं, ही माझी नोकरी.

मी चित्र सुरू केलं. भिंतीला भगदाड पडलं आणि निळा रंग खाली पसरू लागला.

"अरे बापरे! पूल गेला की!" बाबा पुढे सरकले. "आता बाजार... बघ, बघ, शाळेकडे वळतंय. पण लोक तोवर निघतील ना?"

"निघतील. सगळे बाहेर पडेपर्यंत भोंगा वाजत राहतो, असं धरलंय आम्ही."

बोलता बोलता मीच थबकले. चित्र मागे नेलं. निळ्या रंगाने सगळ्यात आधी गिळली होती ती भोंग्याची खोली. इतके दिवस मी खालची गावं बघत होते. भोंगा वाजवणारा माणूस आमच्यापैकी कुणाच्याच डोक्यात आला नव्हता.

"बाबा, तुम्हाला माहीत होतं?"

"न कळायला काय झालं? समोर भिंतच तर होती." त्यांनी चहाचा घोट घेतला. "म्हणून तर साहेबांच्या मागे लागून टेकडीवरचं घर मागून घेतलं."

दारात आई उभी होती. त्या टेकडीच्या पायऱ्यांवरून तिने बाबांना आयुष्यभर फैलावर घेतलं होतं. "चढून चढून माझे गुडघे गेले, साहेबाने इतक्या उंचावर घर देऊन सूड उगवला आणि तुम्ही तोंडातून ब्र काढला नाहीत!"

"मागून घेतलंत?" ती म्हणाली. "आणि तुम्ही स्वतः?"

"अगं, मग भोंगा कोणी वाजवायचा?"

मला रडू आवरेना. डोळे पुसत मी चित्रातलं भोंग्याचं बटण टेकडीवर हलवलं आणि खरं बटणही तिथेच का हवं, हे माझ्या ऑफिसातल्या साहेबांना लिहायला घेतलं. त्या खोलीत आज दुसऱ्या कुणाचा तरी नवरा बसतो.

"तो कप द्या इकडे, गार झाला असेल," आई म्हणाली, आणि गुडघ्यांबद्दल एक अक्षर न काढता नवा चहा टाकायला गेली.