हरवलेल्या बाईचं वर्णन

मला हाक मारायची वेळ आली की ती दोघं खोकतात. आधी मला वाटलं, घरात ओल आली असेल. मग लक्षात आलं की रिमोट हवा असला की मुलगा खोकतो आणि दूध नको असलं की मुलगी. मुलगी आठ वर्षांची, मुलगा पाच वर्षांचा, दोघंही माझ्या नवऱ्याची. मी त्यांच्या घरात राहायला येऊन वर्ष होत आलं होतं आणि मी त्यांची कोण, हे अजून कोणी ठरवलं नव्हतं.

आई म्हणायचा प्रश्नच नव्हता. आई त्यांना आहे, चांगली धडधाकट आहे, दुसऱ्या शहरात राहते आणि रोज संध्याकाळी त्यांच्याशी फोनवर बोलते. ती जागा भरलेली आहे आणि मी अर्जही केला नव्हता. नवरा म्हणाला, "मावशी म्हणू देत." म्हणजे मी त्याच्या पहिल्या बायकोची बहीण. इतका मनाचा मोठेपणा माझ्याकडे नाही. "मग काकू?" काकू व्हायचं तर त्याला आधी एक भाऊ हवा आणि मग मला त्या भावाशी लग्न करायला हवं. "आत्या?" यावर मी त्याच्याकडे नुसतं बघितलं, तेव्हा आपण काय बोललो ते त्याला उमगलं. ताई म्हटलं असतं तर तो माझा बाप झाला असता. शेवटी मी मुलांना म्हटलं, नावाने हाक मारा. मुलीने शहाण्यासारखी मान डोलावली आणि दुसऱ्या दिवसापासून "ऐकलं का" सुरू केलं, जुन्या काळी बायका नवऱ्याला म्हणत तसं. पुढे सगळं "तुम्ही". बापाला तू, आईला तू, शेजाऱ्यांच्या कुत्र्यालाही तू. घरात तुम्ही म्हणून एकटी मीच.

खरं सांगायचं तर मला ते लागत होतं. आतून कोणीतरी हाक मारावी आणि मी "आले गं" म्हणावं, एवढीच माझी इच्छा होती. कोणतीही हाक चालली असती.

नवऱ्याने यावर तोडगा काढला. गावाबाहेर मुलांसाठी एक छोटं मनोरंजन उद्यान आहे, तिथे सगळ्यांनी जायचं. रविवारी सकाळी डबे भरून झाले, मुलांच्या पायात बूट चढले, आणि त्याला ऑफिसातून बोलावणं आलं. "तुम्ही तिघंच जा," तो म्हणाला. "जवळीक वाढेल." माणूस दुसऱ्याच्या जवळिकीसाठी किती झिजतो!

बसमध्ये मी दोघांना नियम सांगितले. अनोळखी माणसाला नाव सांगायचं नाही, ना स्वतःचं, ना दुसऱ्याचं. हरवलात तर आहात तिथेच थांबायचं, हलायचं नाही. आणि आपलं माणूस दिसेनासं झालं तर तिथल्या कामाच्या माणसाकडे जाऊन त्याचं नीट वर्णन सांगायचं. मुलीने विचारलं, "थांबायचं की जायचं? दोन्ही कसं करणार?" मी म्हटलं, "प्रसंग पाहून." मोठ्या माणसाला उत्तर येत नसलं की तो प्रसंगावर सोडून मोकळा होतो.

उद्यानाच्या दारावर "आनंदाचं विश्व" असं लिहिलं होतं. विश्व तसं आटोपशीर होतं, एका टोकाला शिंकलं तर दुसऱ्या टोकाचा माणूस दचकेल एवढं. मधोमध राजवाडा होता. म्हणजे पाण्याची टाकी होती, तिला गुलाबी रंग देऊन वर बुरूज चिकटवले होते. एक डायनासोर होता, त्याची फक्त डावी पापणी हलायची, त्यामुळे तो येणाऱ्याजाणाऱ्या बायकांना डोळा मारतोय असं वाटे. भुताच्या गुहेत एक सांगाडा आणि एक फरशी पुसायचा दांडा होता. मुलगा घाबरला तो दांड्याला. आणि जिकडेतिकडे सिमेंटची पिवळी बदकं. बदकाच्या पोटात कचरा टाकायचा आणि शेजारच्या बाकावर बसून बदकाकडे बघायचं. खांबाखांबावर कर्णे होते, त्यांतून एक पेंगुळलेला आवाज सारखा सांगत होता, "आनंद घ्या. बदकाचा वापर करा."

मुलांना मात्र सगळं आवडलं. मुलं असतातच अशी, त्यांना वाईट दर्जाची पारख नसते. मुलगा मला ओढत एका पाळण्यातून दुसऱ्याकडे नेत होता. ओढायचा कुर्त्याला धरून. हात तेवढा धरत नव्हता.

आता होडीची गोष्ट. उतारावरून घसरत खालच्या डबक्यात धपकन पडणारी होडी होती आणि तिथे पाटी होती, "चष्मा काढून ठेवा." मी चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासते. आयुष्य लोकांना खालची ओळ वाचायला लावण्यात चाललंय आणि "जास्तीचा एक चष्मा कायम जवळ ठेवा बरं," असं प्रत्येक गिऱ्हाइकाला बजावण्यात. माझा स्वतःचा नंबर असा आहे की चष्म्याशिवाय समोर माणूस आहे की दार, हे त्यातलं एक बोलायला लागल्यावर कळतं. चष्मा काढला असता तर कशाला घाबरायचं तेच मला दिसलं नसतं. म्हणून मी तो ठेवला. जास्तीचा चष्मा अर्थात दुकानात होता.

होडी पडली, आम्ही भिजलो, मुलं आनंदाने किंचाळली, आणि माझा चष्मा माझ्या नाकाचा निरोप न घेता हिरव्या पाण्यात गेला.

होडीवाला म्हणाला, "सोमवारी पाणी काढतो, तेव्हा बघू."

मी मुलांना चाचपडत एका बदकाशेजारच्या बाकावर आणून बसवलं, दोघांच्या हातात आईस्क्रीम दिलं. मुलाने ते आधी माझ्या कुर्त्याला लावून पाहिलं. पर्स मुलीच्या गळ्यात अडकवली, म्हणजे माझा फोनही तिच्याच गळ्यात. "हलू नका," म्हटलं, "मी पाण्यात एकदा बघून येते." पाण्यात मला काय दिसणार होतं, हे मला विचारू नका. चष्मा शोधायला चष्मा लागतो, हे मला डबक्याच्या काठावर ओणवं झाल्यावर सुचलं.

येताना मी होडीच्या फिरत्या फाटकातून बाहेर पडले. समोर बदक होतं. बाक होता. बाकावर एक नारिंगी ठिपका आणि एक पांढरा ठिपका, म्हणजे आमचेच. मी हुश्श करत शेजारी बसले आणि म्हटलं, "काय सांडून ठेवलंय हे? किती वेळा सांगायचं, आईस्क्रीम खाताना खाली वाकायचं म्हणून!" नारिंगी ठिपक्याचं मी तोंडही पुसलं, चांगलं खसाखसा. ठिपका गप्प. मला वाटलं, शिस्त लागली.

"अहो बाई, काय करताय?" एक मोठा ठिपका माझ्यासमोर येऊन उभा राहिला. "माझ्या मुलाला कशाला धरलंय?"

ज्या फाटकातून आत गेलं त्यातून बाहेर येता येत नव्हतं. बाहेर पडायचं फाटक दुसऱ्या अंगाला होतं, आणि दुसऱ्या अंगालाही बदक होतं, बाक होता, आणि जगात नारिंगी शर्ट काही आमच्याच मुलाचा नव्हता.

मी उठले आणि चालायला लागले, आधी भरभर, मग धावतच. बदक, बाक, कोणी नाही. बदक, बाक, एक म्हातारा. एका झुडपाला मी "अगं, इकडे ये" म्हटलं. हाका मारत होते, पण गर्दीत शंभर पोरं, शंभर बायका हाका मारतायत, आणि ती दोघं माझ्या हाकेला ओ देतील असं मला एकदाही वाटलं नाही. का द्यावी? मी कोण? मुलं हरवल्याची भीती तर होतीच. पण त्यांनाही मी हरवल्याचं वाईट वाटेल का, हा विचार त्या वेळी डोक्यात आला, आणि माझी मला लाज वाटली. फिरून फिरून मी त्याच बाकाशी आले. नारिंगी मुलाच्या आईने बाक थोपटून आवाज दिला, म्हणूनच तो सापडला. "बसा इथे," ती म्हणाली. आवाज आता बराच मऊ झाला होता. "मी बघते कोणाला तरी सांगून."

तेवढ्यात कर्णा खरखरला.

"लक्ष द्या. एक बाई हरवल्या आहेत."

कोण ही बावळट, असं माझ्या मनात आलं.

"अंगात हिरवा कुर्ता. त्यावर आईस्क्रीमचा डाग. तो मुलाने पाडलेला आहे, आणि मुलगा सॉरी आहे. चष्मा पाण्यात गेल्यामुळे बाईंना दिसत नाही. स्वभाव... स्वभाव नको रे बाळा. नाव काय त्यांचं?"

"नाव सांगणार नाही," कर्ण्यातून मुलीचा आवाज आला. "तुम्ही अनोळखी आहात."

आनंदाच्या विश्वात माइक बंद करायची पद्धत नसावी. रांगेतले लोक हसायला लागले. मी उभी राहिले होते, ती तशीच खाली बसले.

"बरं, तुमच्या कोण लागतात त्या? आई का?"

"नाही," दोघं एकदम.

"मग मावशी? काकू? आत्या?"

माझ्या नवऱ्याची सगळी यादी तो त्याच क्रमाने म्हणत गेला. दोघं सगळ्याला नाही म्हणाली. एवढ्या लोकांसमोर एका माणसाला किती प्रकारे नाकारता येतं, ते मी ऐकत बसले होते.

"अरे मग मी सांगू काय लोकांना?"

"ती आमच्या खोलीतला दिवा घालवते," मुलाचा आवाज आला. "पण दार लावून टाकत नाही. थोडं उघडं ठेवते. मी सांगितलं नव्हतं तरी ठेवते."

"आणि माझ्या नाटकात मी झाड होते," मुलगी म्हणाली. "झाडाला वाक्य नव्हतं. तरी तिने टाळ्या वाजवल्या. एकटीनेच. सगळे वळून बघत होते."

"ते ठीक आहे गं," पेंगुळलेला आवाज आता रडकुंडीला आला होता, "पण नातं? घरी कामाला आहेत का त्या?"

माइकवर काहीतरी आपटलं आणि मुलीचा आवाज एकदम कानाशी आला, भावाने तिची वही फाडली की लागतो तसला.

"कामाला नाही. आमची आहे!" थोडा वेळ तिचा श्वासच ऐकू येत होता. "ऐकलं का? तू आहेस तिथेच थांब. हलू नकोस. आम्ही येतो."

नारिंगी मुलाची आई बाकावर चढली आणि दोन्ही हात हलवत ओरडायला लागली, "इथे! इथे आहेत त्या! बदकापाशी!" सगळीकडे बदकंच होती, पण तिचा आवाज दणदणीत होता. मी हलले नाही. चष्मा नसला की डोळ्यांवर ताण येऊन पाणी येतं, असं मी गिऱ्हाइकांना सांगते. खोटं कशाला बोलू, मी रडत होते.

गर्दीतून दोन ठिपके आले. खरं तर आधी खाकी ठिपका आला, तो पहारेकरी होता. त्याला ओलांडून नारिंगी ठिपका सुटला आणि माझ्या पोटावर येऊन आदळला. पांढरा मागून चालत आला, पर्स सावरत, जबाबदार माणसासारखा.

मी डोळे पुसून आधी हातातलं काम उरकलं. "जागेवरून हलायचं नाही असं सांगितलं होतं ना?"

"ते हरवलेल्यांसाठी," मुलगी म्हणाली. "आम्ही कुठे हरवलो होतो? तू हरवली होतीस."

प्रसंग तिने माझ्यापेक्षा बरा पाहिला होता.

"वर्णनात वय काय सांगितलंस?" मी विचारलं.

"आजीपेक्षा लहान. ते त्याने वाचलं नाही."

बसथांब्यापर्यंत त्यांनी मला मधे घेऊन नेलं. मुलीने कोपर धरलं होतं आणि मुलाने हात. हात चिकट होता, आईस्क्रीमचा. डायनासोरजवळून जाताना त्याने मला डोळा मारला असणार, मला काही दिसलं नाही. "सोमवारी चष्मा सापडेल?" मुलाने विचारलं. मी म्हटलं, बहुतेक नाही. "मग सोमवारीपण मी धरतो," तो म्हणाला. दुकानात दुसरा चष्मा पडलाय, ही गोष्ट मी त्याला सांगितली नाही.

"पुढे पायरी आहे," थोड्या वेळाने तो म्हणाला. मी पाय उचलला. दहा पावलांवर पुन्हा म्हणाला, "पायरी आहे." मग पुन्हा. त्या वाटेवर पायरी एकच होती, ती सकाळी येताना मी स्वतः पाहिली होती. पण तो सांगत गेला, आणि मी प्रत्येक वेळी पाय उचलत गेले.