पाठमोऱ्या खुर्च्या

तिने दोन खुर्च्या ओढून पाठीला पाठ लावून ठेवल्या आणि त्यातल्या एकीवर, खिडकीकडे तोंड करून, स्वतः बसली.

"फोनवर चेहरा दिसत नाही, तेव्हा इथेही दिसणार नाही. मी नातेवाईक. माझे वडील तुमच्या वॉर्डात होते, आणि आता नाहीत. तुम्ही मला ते कळवायचंय. चला, कोण येतंय?"

रुग्णालयाच्या तिसऱ्या मजल्यावरची बैठकीची खोली. समोर चौदा जण. निम्मे वॉर्डातले आणि चौकशी खिडकीवरचे कर्मचारी, निम्मी उमेदवारीसाठी आलेली कॉलेजची मुलं. सकाळपासून ती त्यांना बोलायला शिकवत होती. आधी आपण कोण ते सांगा, समोर कोण आहे ते विचारा, मग बातमी, सरळ, एका वाक्यात. तिचा तो पोटापाण्याचा धंदाच होता.

कॉलेजातली एक चुणचुणीत मुलगी टुणकन उठून दुसऱ्या खुर्चीवर बसली.

"नमस्कार मॅडम! मी आपल्या रुग्णालयातून बोलतेय. कशा आहात आपण?"

"थांबा. त्या बाईचे वडील गेलेत आणि तुम्ही तिला साबण विकताय."

खोलीत हशा पिकला. मुलगीही जीभ चावून हसली. तिला तिसऱ्या खेपेला जमलं.

"आता आमच्या कुजबुजीला घ्या," दाराशी बसलेल्या मोठ्या सिस्टर म्हणाल्या. "तिचा आवाज तिच्याच कानापर्यंत पोचला तर मिळवलं."

पुन्हा हशा. भिंतीलगतच्या खुर्चीवरची वॉर्ड तीनची कारकून मुलगी मान खाली घालून ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. तिची उमेदवारी एकदा वाढवून झाली होती. आजच्या शेऱ्यावर तिची नोकरी ठरणार होती.

शेरा लिहून झाला होता. मधल्या सुटीत, चहा गार होत असताना, शिकवणाऱ्या बाईंनी तिच्या कागदावर 'कायम करावे' खोडून 'कायम करू नये' तेवढं ठेवलं होतं. त्यात अन्याय म्हणावा असं काही नव्हतं. मुलगी सकाळपासून एकच वाक्य बोलली होती, "मी वॉर्ड तीनला असते."

पण तेवढ्या वाक्यावरून बाईंनी तिचा आवाज ओळखला होता.

सात महिन्यांपूर्वी, भर दुपारी, याच आवाजाने फोनवर विचारलं होतं, "खाट अकराचं सामान न्यायला कधी येताय?" आणि तिने हरखून विचारलं होतं, "सुट्टी मिळाली का बाबांना?"

पलीकडून एवढंच, "हो."

तिने बाबांचा निळा सदरा इस्त्री करून घेतला. टॅक्सी खाली थांबवून ठेवली, पाच मिनिटांत त्यांना घेऊन येते म्हणाली. वर खाटेवरची चादर काढलेली होती. गादीवर एका पिशवीत चष्मा आणि चपला.

बाबा घड्याळं दुरुस्त करायचे. तिला मास्तरीण म्हणायचे. "आमची मास्तरीण जगाला बोलायला शिकवते. मला मात्र अर्ध्यावर तोडते," असं येईल त्याला सांगायचे. या रुग्णालयातलं शिकवण्याचं काम खरं तर तिच्या कचेरीतल्या दुसऱ्या बाईकडे जायचं होतं. तिने ते मागून घेतलं. का, ते तिने कुणाला सांगितलं नव्हतं. स्वतःलाही धड नाही.

"या, वॉर्ड तीन," ती खिडकीकडे बघत म्हणाली.

मागची खुर्ची करकरली.

"नमस्कार... वॉर्ड तीन. तुम्ही... तुम्ही येऊन जाल का?"

"कोण बोलतंय? कशाला येऊ? पुन्हा."

"मी वॉर्ड तीनची कारकून. तुमच्या वडिलांची तब्येत जरा..."

"गेलेल्या माणसाची तब्येत जरा काय? पुन्हा."

आता कुणी हसलं नाही. मोठ्या सिस्टर खाकरल्या. "मॅडम, जरा दमानं घ्या. लेकरू आहे."

"फोनवर कुणी दमानं घेत नाही, सिस्टर. पुन्हा."

 मग बाई स्वतःच जे बोलल्या ते कुठल्याच धड्यात नव्हतं. शब्द आपणहून तोंडातून निसटले.

"सुट्टी मिळाली का बाबांना?"

 खाली आवारात एक गाडी मागे घेत होते. कुणीतरी चालकाला "येऊ द्या, येऊ द्या" म्हणत होतं.

"नाही," मुलगी म्हणाली. आवाज बारीकच होता, पण स्वच्छ. "नाही, ताई. बाबांचं निधन झालं. दोन वाजून दहा मिनिटांनी. हे मी तेव्हाच सांगायला हवं होतं."

सकाळपासून सगळे तिला मॅडम म्हणत होते; ताई कुणीच नाही. तिने मांडीवरचे कागद घट्ट धरले. म्हणजे हिनेही ओळखलं होतं. पहिल्यापासून.

"त्यांच्याजवळ कोण होतं?" तिने विचारलं.

"मी होते. रजिस्टरवर सही घ्यायला गेले होते. म्हणाले, सही पळून जात नाही, आधी बस. माझ्या हातातलं घड्याळ बघितलं. म्हणाले, चार मिनिटं मागे आहे हे. काढून घेतलं, बरोबर लावून दिलं. म्हणाले, आमची मास्तरीण चारला येईल, तिला उशीर झालेला खपत नाही." मुलगी थांबली. कुणी तिला तोडलं नाही. "आणि हसले. मग मान एकदम कलली. मी दाराशी धावले, डॉक्टरांना हाक मारायला. हाकच फुटेना, ताई. शेवटी हाताला धरून आणलं त्यांना. ते म्हणतात, हाक मारली असतीस तरी काही फरक पडला नसता. पण मला..."

मुलीने मनगटावरचं घड्याळ चाचपलं.

"सामानाचं विचारायला सांगितलं मला. मला वाटलं, डॉक्टरांनी तुम्हाला कळवलंय. तुम्ही सुट्टीचं विचारलंत तेव्हा कळलं, की नाही. आणि तुम्ही इतक्या खुशीत होतात, की माझ्या तोंडून हो निघून गेलं."

 चुणचुणीत मुलगी तोंडावर हात धरून बसली होती. मोठ्या सिस्टर जमिनीकडे बघत होत्या.

तिने मांडीवरच्या कागदांतला तो शेऱ्याचा कागद निवडून काढला, त्याची मधोमध घडी घातली, मग आणखी एक, मग आणखी एक. कागद आगपेटीएवढा झाला तेव्हा तो मुठीत मिटला.

"पुन्हा सांगा," ती म्हणाली.

मुलीला वाटलं, आपलं काहीतरी चुकलं. तिने घसा साफ केला, पाठ ताठ केली. तिची पाठ खुर्च्यांवरून बाईंच्या पाठीला टेकली, तशीच राहिली.

"नमस्कार," तिने सुरुवातीपासून सुरुवात केली. "मी वॉर्ड तीनची कारकून बोलतेय. मास्तरीणबाई आहेत का?"

"आहे," ती खिडकीकडे बघत म्हणाली. "बोल."