आनंदाच्या रविवारचा झगा

भानुमती गर्दे यांचं माहेर नाशिकजवळचं. लग्न होऊन झाशीला आल्या तेव्हा त्यांना हिंदी धड येत नव्हतं, आणि आता घरात मराठी बोलायला नवऱ्याशिवाय फारसं कोणी उरलं नव्हतं. मुलगा नोकरीसाठी इंदूरला, सुनेचं माहेर कानपूरचं, त्यामुळे फोनवरही हिंदीच. नवरा शशिकांत रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त झालेले. भानुमतींचा हात शिवणावर छान होता. मराठी मंडळाच्या गणपतीचा शेला दर वर्षी त्याच भरत.

नोव्हेंबरातल्या एका दुपारी शेजारची चंपा, रेल्वेच्या दवाखान्यातली नर्स, एका उंच, सडपातळ तरुणाला घेऊन आली. चंपा दर रविवारी छावणीतल्या चर्चमध्ये गायची.

"काकीजी, ये हमारे नए फादर हैं," ती म्हणाली. "इनको कुछ सिलवाना है."

भानुमती मनातल्या मनात हिंदी वाक्य जुळवू लागल्या, तेवढ्यात तो तरुण म्हणाला, "नमस्कार काकू. मी स्वानंद कोरिया. चपला बाहेर काढू ना?"

भानुमती बघतच राहिल्या. "तुम्ही मराठी?"

"वसईचा. आई फोनवर रागावते ती मराठीतच."

त्यानंतरचा पाऊण तास शिवणाचा विषयच निघाला नाही. चहा झाला, चिवडा झाला. शशिकांतांनी वसईला जाणाऱ्या सगळ्या गाड्या सांगून टाकल्या. चंपाला ड्यूटी होती, ती कंटाळून निघून गेली. मग फादर स्वानंदांनी पिशवीतून एक जुना झगा काढून पलंगावर पसरला. बाह्या नसलेला, घोळदार, मधोमध डोकं घालायला भोक. रंग कधीतरी गुलाबी असावा. एका कडेने उंदरांनी कुरतडून त्याची चाळणी केली होती.

"मिस्सा, म्हणजे आमची रविवारची उपासना, अर्पण करताना आम्ही हा सगळ्यात वरून घालतो," ते म्हणाले. "रंग सणाप्रमाणे बदलतो. नाताळच्या आधीचे चार रविवार वाट बघण्याचे, तेव्हा जांभळा. पण तिसऱ्या रविवारी मध्येच थांबून म्हणायचं, आनंद करा, आता जवळ आलं. त्या दिवशी गुलाबी. वर्षात दोनदाच लागतो, म्हणून पेटीत पडून राहिला आणि उंदरांना सापडला."

भानुमतींनी झगा उलटा करून शिवण पाहिली. "याला बाह्या का नाहीत?"

"मुळात हा कपडा पाद्र्यांचा नव्हताच, काकू. जुन्या रोममध्ये प्रवासाला निघालेला कुठलाही माणूस थंडीपावसात हा अंगावर घ्यायचा. आपली घोंगडीच म्हणा, फक्त मधून डोकं बाहेर. लॅटिनमध्ये त्याला छोटं घर म्हणायचे. आत शिरलं की माणूस घरात. याच्या आत आम्ही पांढरा पायघोळ अंगरखा घालतो, तोही तिथला रोजचाच कपडा. पुढे लोकांची राहणी बदलली, त्यांनी आखूड कपडे घेतले. चर्चने जुनेच ठेवले."

"म्हणजे आमच्या सोवळ्यासारखं," शशिकांत म्हणाले. "पूर्वी सगळे रोज धोतर नेसायचे. आता मी फक्त पूजेला नेसतो, आणि तेही सुटतं."

फादर हसले. "अगदी तसंच. आणि रोजचा कपडा मागे राहिला की त्याला अर्थ चिकटायला लागतात. आता आम्ही म्हणतो, हा झगा म्हणजे प्रेम. सगळ्याच्या वरून घालायचं आणि आतलं सगळं झाकणारं."

भानुमतींना ते आवडलं. "मी शिवते," त्या म्हणाल्या. "पण पाठीवर काय भरू ते सांगा."

"गहू आणि द्राक्षं. भाकर आणि द्राक्षारस, त्यावरच आमची मिस्सा असते."

द्राक्षं म्हटल्यावर भानुमतींचा चेहरा असा उजळला की शशिकांतांनीच सांगून टाकलं, "हिच्या वडिलांचा मळा होता द्राक्षांचा."

कापड त्यांनी चंदेरी गावचं घेतलं, हलकं आणि पांढरं. दतिया गेटजवळच्या रंगाऱ्याला समजावलं, "भैया, गुलाब जैसा रंग चाहिए." कापड परत आलं ते पाहून त्या पायरीवरच बसल्या. रंग फिका गुलाबी नव्हता. लग्नाच्या वरातीत नवरीची आत्या नेसेल असा होता, लखलखीत.

"अम्मा, हमारे यहाँ गुलाब ऐसा ही होता है," रंगारी शांतपणे म्हणाला.

त्याचंही खोटं नव्हतं. त्याच्या दुकानासमोरच्या फुलवाल्याच्या टोपलीत अगदी त्याच रंगाचे गुलाब होते. नवं कापड घेऊन पुन्हा रंगवायला वेळ उरला नव्हता. दोन दिवस भानुमती चिडचिड करत राहिल्या, मग शशिकांत म्हणाले, "शिवून तर बघ. नाही आवडला तर फादर सांगतील."

झगा शिवून झाला, पण खालचा घेर नीट पडतो का ते कळेना. घरात माप द्यायला एकच माणूस होता. शशिकांत कुरकुरत अंगणात उभे राहिले. भानुमतींनी तो झगा त्यांच्या डोक्यावरून घातला, हात दोन्ही बाजूंना पसरायला सांगितले आणि टाचण्या घेऊन खाली बसल्या.

"हलू नका हो."

"मी हलत नाही. पोट हलतंय."

नेमकं तेव्हाच फाटक वाजलं. फादर स्वानंद सायकल टेकवून आत आले आणि थबकले. अंगणाच्या मधोमध गर्देकाका भडक गुलाबी झग्यात हात पसरून उभे होते, चष्मा नाकावर घसरलेला.

"आशीर्वाद देताय का काका?" फादरनी विचारलं.

शशिकांतांनी हात खाली घेण्याचा प्रयत्न केला, टाचणी टोचली, आणि तिघंही हसत सुटले. हसू ओसरल्यावर मात्र फादर झग्याकडे बराच वेळ बघत राहिले. भानुमती उभ्या राहिल्या.

"रंग चुकलाय, माहीत आहे मला. मी रंगाऱ्याला गुलाब सांगितलं आणि त्याने इथला गुलाब दिला. तुम्हाला संकोच वाटत असेल तर तुमचा जुनाच रफू करून देते."

फादरनी कापड हातात घेऊन उन्हात धरलं. "खरं सांगू? सेमिनरीत, पाद्री व्हायला शिकत होतो तेव्हा, आम्ही एकमेकांना या रंगावरून चिडवायचो. कोणालाच तो घालायचा नसायचा. फिका असला की निदान लपून जातो. हा लपणार नाही."

"तेच तर."

"पण आमच्या पुस्तकात एवढंच लिहिलंय, गुलाबाचा रंग. कुठला गुलाब ते नाही लिहिलं." कापड खाली सोडून ते म्हणाले, "इथल्या लोकांसमोर घालायचाय ना, मग इथलाच गुलाब. भरा तुम्ही द्राक्षं."

भानुमतींनी भरतकाम सुरू केलं. गव्हाच्या ओंब्या सोप्या गेल्या. द्राक्षाचं पान काढायला बसल्या तेव्हा मात्र त्यांना चित्र बघावं लागलं नाही. पानाच्या कडेचे दाते, वेलाचा तो पीळदार दोरा, घडाच्या टोकाचा एकटा मणी, सगळं बोटांत होतं. भरताना त्या वडिलांबद्दल बोलत राहिल्या आणि शशिकांत, इतक्या वर्षांत ऐकलेल्याच गोष्टी, पुन्हा ऐकत राहिले.

तिसऱ्या रविवारी सकाळी दोघं चर्चला गेले आणि मागच्या बाकावर बसले. थंडी होती. लोक शाली, कानटोप्या गुंडाळून, करड्या आणि तपकिरी रंगात बसले होते. गाणं सुरू झालं आणि फादर स्वानंद मधल्या वाटेने आले. क्षणभर गाण्याचा सूर डळमळला. पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या बाईने तोंडाला पदर लावला. मुलं उघड हसली. फादरचे कान झग्याइतकेच गुलाबी झाले होते, पण ते ताठ चालत वेदीपर्यंत गेले.

प्रवचनाला उभे राहिल्यावर ते म्हणाले, "आप लोग हँस रहे हैं. बहुत अच्छा. आज इसी का दिन है." मग त्यांनी वाटसरूच्या घोंगडीची गोष्ट सांगितली, छोट्या घराची, आणि झाशीच्या गुलाबाची. सगळं चर्च मोकळं हसलं. चंपाने त्यानंतरचं गाणं असं उचललं की शशिकांतांनी मांडीवर ठेका धरला आणि भानुमतींनी तो थांबवला नाही.

मिस्सा संपल्यावर अंगणात उन्हाला गर्दी झाली. बायका फादरना पाठमोरं उभं करून घडावरून बोटं फिरवत होत्या. "अंगूर तो सच्चे लग रहे हैं," ती म्हातारी म्हणाली. चंपाने भानुमतींचा हात धरून त्यांना पुढे ओढलं आणि मोठ्याने सांगितलं, यांनी केलंय. लोकांनी केक आणून त्यांच्या हातात दिला. भानुमती नुसत्या हसत राहिल्या.

निघताना शशिकांतांनी विचारलं, "फादर, वर्षात दोनदा म्हणालात. दुसरी वेळ कधी?"

"ईस्टरच्या आधीच्या उपासाच्या दिवसांच्या मधोमध. साधारण होळीच्या आसपास."

"मग काय," शशिकांत सायकलरिक्षाला हात करत म्हणाले, "तेव्हा तर कोणाला वेगळा दिसणारसुद्धा नाही."